उत्तर न आलेल्या संदेशाचे काय करायचे?

मोठ्या बँकेत, विमा कंपनीत किंवा कारखान्यात चालणाऱ्या संगणकप्रणाली एकाच वेळी आणि एकाच हाताने बांधलेल्या नसतात. खात्यांचा मुख्य हिशेब ठेवणारी प्रणाली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली असते, कर्जांची प्रणाली नंतर दुसऱ्या पुरवठादाराकडून आलेली असते, कार्डांचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेले असते आणि ग्राहकाला एसएमएस धाडणारी यंत्रणा या कोणाशीच नाते नसलेल्या भलत्याच कंपनीची असते. प्रत्येकीची आज्ञावली वेगळ्या भाषेत लिहिलेली, माहिती साठवण्याची पद्धत वेगळी आणि ‘ग्राहक’ म्हणजे नेमके कोण याविषयीची कल्पनाही वेगळी असते. तरीही ग्राहकाने पत्ता बदलला तर तो सर्वांना कळला पाहिजे आणि त्याने हप्ता भरला तर त्याची नोंद सगळीकडे सारखीच उमटली पाहिजे. परस्परांना परक्या असलेल्या अशा प्रणालींना एकमेकींशी बोलते करण्याच्या विद्येला ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन’ म्हणतात, आणि या विद्येतील एक प्रभावी विचार म्हणून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सेवाधिष्ठित रचना, म्हणजे ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’, पुढे आली.

त्याआधीचा सर्वांत जुना, आणि आजही न संपलेला, उपाय म्हणजे रात्रीची फाइल. दिवसाचे व्यवहार आटोपले की एका प्रणालीने ठरलेल्या नमुन्यात फाइल काढायची आणि पहाटेपूर्वी दुसरीने ती वाचून आपल्या नोंदी पूर्ण करायच्या, असा या ‘बॅच’चा क्रम असतो. तो स्वस्त आहे आणि समजायलाही सोपा आहे. मात्र दिवसभर दोन प्रणालींचे हिशेब जुळत नाहीत, आणि फाइलमधला एखादा रकाना सरकला तरी सकाळी शाखेत गोंधळ उडतो. दुसरा उपाय सर्वांनी एकच डेटाबेस वापरण्याचा. पण मग त्यातील एका तक्त्यात बदल करायचा झाला तरी सर्व विभागांची संमती लागते, आणि ती सहसा मिळत नाही. तिसरा उपाय गरज पडेल तशी दोन-दोन प्रणालींत थेट जोडणी करण्याचा. पाच प्रणालींत अशा जास्तीत जास्त १० जोडण्या होतात, वीस प्रणालींत १९०. आणि जोडणी ज्याने बांधली तो माणूस नोकरी सोडून गेला, की तिला हात लावायला कोणी धजावत नाही.

थेट जोडणीची खरी अडचण मात्र संख्येची नाही. एकाच यंत्राच्या आत आज्ञावलीचा एक भाग दुसऱ्याला काम सांगतो, तेव्हा सर्वसाधारणपणे दोनच गोष्टी संभवतात: काम होते, किंवा ते झाले नाही हे कळते. दोन यंत्रांच्या मध्ये तार आली की तिसरी शक्यता उपजते, ती काहीच न कळण्याची. ‘अमुक खात्यातून ५०० रुपये वजा करा’ ही विनंती धाडली आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर विनंतीच वाटेत हरवलेली असू शकते. ती पोहोचून काम होण्यापूर्वीच पलीकडचे यंत्र बंद पडलेले असू शकते. काम पूर्ण होऊन परतीचे उत्तर तेवढे गहाळ झालेले असू शकते. किंवा यांपैकी काहीही न होता पलीकडची प्रणाली केवळ मंदावलेली असू शकते. विचारणाऱ्याला या चारही स्थिती अगदी सारख्याच दिसतात, आणि तरीही प्रत्येकीत करायची गोष्ट निराळी आहे. पहिल्या दोन्हींत विनंती पुन्हा धाडणे योग्य ठरते, तिसरीत तसे केले तर पैसे दोनदा वजा होतात, आणि चौथीत काय होईल हे पुढच्या काही सेकंदांवर अवलंबून असते.

प्रत्येक संदेशाची पोच मागवली की ही अडचण सुटेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण पोच हाही एक संदेशच असतो आणि तोही हरवू शकतो, म्हणून पोचेची पोच लागते आणि ही साखळी कुठेच थांबत नाही. बेभरवशाच्या वाटेवरून कितीही निरोप इकडून तिकडे गेले, तरी ‘आपण दोघे हे एकत्रच करत आहोत’ अशी पक्की खात्री दोन्ही पक्षांना एकाच वेळी होऊ शकत नाही, हे १९७५ साली एका शोधनिबंधात दाखवले गेले, आणि डेटाबेसच्या क्षेत्रातील थोर अभ्यासक जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे आज रूढ असलेले नाव दिले. तार अधिक जाड केल्याने किंवा सर्व्हर अधिक महाग घेतल्याने हा निष्कर्ष बदलत नाही. पुढे जी काही साधने निघाली ती सर्व या अनिश्चिततेचा नाश करणारी नसून तिच्यासह काम कसे चालवावे हे सांगणारी आहेत. त्यांच्या जाहिरातींत मात्र हा भेद क्वचितच स्पष्ट केलेला असतो.

यांतील पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे संदेशांची रांग. पत्र टपालपेटीत टाकणाऱ्याला पत्र घेणारा त्या क्षणी घरी आहे की नाही याची फिकीर करावी लागत नाही, तसे या पद्धतीत संदेश थेट दुसऱ्या प्रणालीला न देता मधल्या एका साठ्यात ठेवला जातो आणि दुसरी प्रणाली सवडीने तो उचलते. आयबीएम कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेली ‘एमक्यू सिरीज’ ही या पद्धतीची सर्वांत परिचित आज्ञावली होय. नावे बदलत ती ‘आयबीएम एमक्यू’ या रूपात आजही बँकांतून चालते. तिचे वैशिष्ट्य असे की रांगेत ठेवलेला संदेश डिस्कवर लिहिला जातो, त्यामुळे वीज गेली तरी तो नाहीसा होत नाही, आणि उचलणाऱ्या प्रणालीने ‘काम झाले’ असे कळवेपर्यंत तो रांगेतून काढला जात नाही. वारंवार प्रयत्न करूनही ज्या संदेशावर काम होऊ शकत नाही, तो बाजूच्या एका रांगेत टाकला जातो. तिला ‘डेड लेटर क्यू’ म्हणतात. टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी असलेले नावच येथे उचललेले आहे. ही रांग रोज सकाळी कोण तपासते, या प्रश्नाचे उत्तर संस्थेत नेमकेपणाने मिळते की नाही, यावरून तिथल्या कारभाराचा बराच अंदाज बांधता येतो.

रांगेमुळे संदेश हरवण्याचे भय जाते, पण त्याच्या जागी दुसरे येते. उचलणाऱ्या प्रणालीने पैसे वजा केले आणि ‘काम झाले’ असे कळवण्याच्या क्षणी ती बंद पडली, तर रांग तोच संदेश पुन्हा देणार, कारण तिच्या दृष्टीने काम झालेलेच नाही. म्हणून रांगेची प्रामाणिक हमी ‘किमान एकदा’ एवढीच असते, आणि ‘नेमके एकदा’ हा परिणाम घेणाऱ्याला स्वतःच्या शहाणपणाने साधावा लागतो. त्यासाठी विनंतीचे स्वरूपच असे ठेवतात की ती दोनदा अमलात आली तरी फळ एकदाच मिळावे. अशा विनंतीला ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. ‘५०० रुपये वजा करा’ ही विनंती तशी नाही. ‘क्रमांक अमुक या व्यवहारापोटी ५०० रुपये वजा करा’ ही तशी करता येते, कारण घेणारी प्रणाली आपल्या वहीत तो क्रमांक आधी पाहते, तो तेथे असेल तर पैशांना हात न लावता जुनेच उत्तर परत देते, आणि नसेल तर पैसे वजा करणे व क्रमांक लिहिणे या दोन्ही गोष्टी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात उरकते. या शेवटच्या अटीकडे दुर्लक्ष करून क्रमांक आधी किंवा नंतर वेगळा लिहिणाऱ्या आज्ञावल्या चाचणीत बिनचूक चालतात आणि महिनाअखेरीच्या गर्दीत फसतात. क्रमांक पाठवणाऱ्याने द्यायचा असतो, आणि पुन्हा प्रयत्न करताना तो बदलायचा नसतो, हे वरवर क्षुल्लक वाटणारे पथ्य संपूर्ण व्यवस्थेचा आधार आहे.

रांगेतला प्रत्येक संदेश एकाच घेणाऱ्याला मिळतो. एकच बातमी अनेकांना हवी असेल, तर दुसरी रचना लागते, आणि तिचा उगम १९८०च्या दशकातील अमेरिकी शेअर बाजाराच्या कचेऱ्यांत आहे. तेथील दलालांच्या टेबलांवर वेगवेगळ्या भाव-पुरवठादारांचे वेगवेगळे पडदे एकावर एक रचलेले असत. मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांनी स्थापलेल्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने त्यावर ‘इन्फर्मेशन बस’ काढली. संगणकाच्या आत निरनिराळी कार्डे एका सामाईक वाहिनीत, म्हणजे बसमध्ये, खोचतात, तशीच वाहिनी आज्ञावल्यांसाठी असावी ही तिच्यामागची कल्पना होती. त्यात भाव पाठवणारा तो कोणा यंत्राला उद्देशून पाठवत नाही. तो विषयाचे नाव लावून प्रसिद्ध करतो, आणि ज्यांनी त्या विषयाची नोंदणी केली असेल त्यांना तो मिळतो. नवा ग्राहक जोडताना पाठवणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही, किंबहुना त्याला ते कळतही नाही. रॉयटर्सने १९९४ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिच्यातूनच टिबको ही रणदिवे यांची पुढील कंपनी उभी राहिली.

संदेश कसे पोहोचवावेत याची उत्तरे अशी तयार होत असतानाच, त्यांत काय असावे याचा विचार वेगळ्या वाटेने चालला होता. १९९६ मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेचे रॉय शुल्टे आणि येफिम नाटिस यांनी ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ ही संज्ञा मांडली. या विचारानुसार प्रत्येक प्रणालीने आपली क्षमता ‘सेवा’ म्हणून बाहेर मांडायची: सेवेचे नाव, तिला लागणारी माहिती आणि तिच्याकडून मिळणारे उत्तर हे जाहीर कराराने ठरलेले असते, आणि करार पाळला जातो तोवर आत कोणती भाषा वा कोणता डेटाबेस आहे याची बाहेरच्याने चौकशी करायची नसते. ‘ग्राहकाचा पत्ता बदला’ ही सेवा एकाच ठिकाणी असेल आणि शाखा, संकेतस्थळ व कॉल सेंटर हे सर्व तीच वापरतील, तर पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारे बदलण्याचा प्रसंग येत नाही. १९९८ मध्ये एक्सएमएल ही माहितीला नावांच्या खुणा लावून लिहिण्याची सर्वमान्य पद्धत प्रमाणित झाली, तिच्यावर आधारलेला ‘सोप’ हा संदेशाचा साचा आणि ‘डब्ल्यूएसडीएल’ ही सेवेच्या कराराची भाषा पाठोपाठ आली, आणि आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांसारखे प्रतिस्पर्धी एकाच मानकावर सही करताना दिसल्यामुळे उद्योगजगतात मोठी आशा निर्माण झाली. जगातील सर्व सेवांची एक सार्वजनिक नोंदवही असावी आणि प्रणालींनी तीतून आपापला पुरवठादार शोधावा, इथवर ती आशा गेली. यूडीडीआय नावाची ही नोंदवही २००० साली जाहीर झाली, आणि २००६च्या आरंभी तिचे सार्वजनिक रूप बंद करण्यात आले. कोणतीही कंपनी अनोळखी पुरवठादाराशी केवळ यंत्राच्या शिफारशीवरून व्यवहार करत नाही, ही गोष्ट कोणाही खरेदी अधिकाऱ्याने आधीच सांगितली असती.

या करारांत एक मूलभूत उणीव होती. डब्ल्यूएसडीएलमधील करार संदेशाचा आकार अक्षरशः सांगतो: कोणता रकाना आधी, कोणता नंतर, कोठे अंक आणि कोठे अक्षरे. पण तीच विनंती दोनदा आली तर काय होईल, उत्तरासाठी किती थांबावे, आणि उत्तर न आल्यास काम झाले असे धरावे की नाही, याविषयी तो मौन पाळतो. व्यवहार बिघडतात ते बहुधा याच ठिकाणी. उणीव भरून काढण्यासाठी पुढे अनेक पूरक मानके निघाली, पण त्यांची संख्या इतकी वाढली की ती वाचणेच एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसले. दुसरीकडे ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ या नावाने मध्यस्थ आज्ञावल्या विकल्या जाऊ लागल्या. त्या संदेशांची भाषांतरे करीत, वाटा ठरवीत, आणि हळूहळू धंद्याचे नियमही आपल्याकडे घेत. परिणामी व्याजदराचा एखादा नियम कर्ज विभागाच्या प्रणालीत न सापडता मधल्या बसमध्ये सापडू लागला, आणि प्रत्येक बदलासाठी सर्वांना एकाच मध्यवर्ती गटाच्या दारात उभे राहावे लागले. जानेवारी २००९ मध्ये विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ या संज्ञेचा मृत्युलेखच लिहिला, मात्र सेवांची कल्पना जिवंत असल्याचे त्याच लेखात सांगितले. २०१४ मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी ‘मायक्रोसर्व्हिसेस’चे जे वर्णन केले, त्यात शहाणपण दोन टोकांच्या प्रणालींत ठेवावे आणि मधली वाहिनी साधीच असावी यावर भर होता. नाव नवे असले तरी मूळ विचारातील करार तोच राहिला, मधला जाडजूड थर तेवढा गळाला.

साध्या वाहिनीचे सर्वाधिक पसरलेले उदाहरण म्हणजे काफ्का. लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या नेहा नारखेडे यांनी ती घडवली आणि २०११ मध्ये ती सर्वांना खुली झाली. तिच्यात संदेश वाचला म्हणून काढून टाकला जात नाही. तो एका न खोडता येणाऱ्या रोजकीर्दीत क्रमाने लिहिला जातो, ठरलेल्या मुदतीपर्यंत तेथेच राहतो, आणि आपण कुठवर वाचले याची खूण प्रत्येक वाचणारा ठेवतो. त्यामुळे आज्ञावलीतील चूक दुरुस्त केल्यावर कालच्या नोंदी पुन्हा वाचता येतात, जे रांगेत शक्य नसते.

एका कामात अनेक प्रणाली गुंतल्या असतील तर प्रश्न आणखी वाढतो. सर्वांनी आधी तयारी कळवावी आणि मग एकाच आदेशाने सर्वांनी काम पक्के करावे, ही ‘टू-फेज कमिट’ पद्धत एका संस्थेच्या चार भिंतींत चालते, पण वेगवेगळ्या मालकांच्या प्रणालींत ती चालत नाही, कारण दुसऱ्याचा निर्णय येईपर्यंत आपल्या नोंदी कुलूपबंद ठेवायला कोणी तयार नसतो. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ ही वेगळी पद्धत सुचवली. तीत मोठे काम लहान पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरी लगेच पक्की केली जाते, आणि प्रत्येक पायरीसोबत तिची भरपाई करणारी उलट पायरीही ठरवून ठेवली जाते, म्हणजे मध्येच अडले तर झालेल्या पायऱ्या उलट क्रमाने फेडता येतात.

भारतीय वाचकाच्या हातात रोज असलेली यूपीआय ही यंत्रणा या सर्व विचारांची चालती प्रयोगशाळा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, या संस्थेने ती एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावरील महिन्याच्या व्यवहारांनी प्रथमच १००० कोटींचा आकडा ओलांडला. एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवले की ॲपमागील बँक एनपीसीआयला एक्सएमएलमधील, अंकीय स्वाक्षरी केलेला संदेश धाडते. एनपीसीआय लगेच पोच देते, पण त्या पोचेचा अर्थ ‘संदेश मिळाला’ एवढाच असतो. ‘पैसे पोहोचले’ हे उत्तर नंतर स्वतंत्र संदेशाने येते. मधल्या काळात एनपीसीआय घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता कोणत्या खात्याचा हे त्याच्या बाजूच्या बँकेकडून जाणून घेते, धाडणाऱ्याच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, आणि ती झाल्याचे कळले की घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगते. या प्रत्येक संदेशावर व्यवहाराचा तोच क्रमांक असतो.

मौनाचा अर्थ येथे कराराने आधीच ठरवून ठेवला आहे, आणि तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा आहे. वजावटीच्या विनंतीला मुदतीत उत्तर आले नाही, तर व्यवहार फसला असे धरून धाडणाऱ्याच्या बँकेला वजावट उलटवण्याचा संदेश जातो. सागामधली भरपाईची पायरी ती हीच. जमा करण्याच्या विनंतीला उत्तर आले नाही, तर मात्र काम झाले असे मानले जाते, त्याला ‘डीम्ड’ म्हणतात, आणि पुढे घेणाऱ्याच्या बँकेने आपल्या वह्या ताडून रक्कम जमा केल्याचे तरी कळवायचे किंवा ती परत तरी करायची. हा फरक समजून घेण्यासारखा आहे: जमा झालेली रक्कम घेणाऱ्याने एव्हाना काढून खर्चही केलेली असू शकते, म्हणून ती उलटवण्यापेक्षा झाली असे मानणे कमी धोक्याचे. ‘पैसे कटले, पण समोरच्याला मिळाले नाहीत’ अशी तक्रार जेव्हा ऐकू येते, तेव्हा बहुधा व्यवहार या मधल्या अवस्थेत असतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने त्यालाही मुदत घातली: व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा करता आली नाही, तर घेणाऱ्याच्या बँकेने ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपण होऊन परत करावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळावी. डब्ल्यूएसडीएलला जे सांगता आले नव्हते, ते अखेर एका नियामकाच्या परिपत्रकात लिहिले गेले.

उत्तर न आल्यास ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ असे विचारण्याचा एक स्वतंत्र संदेशही यूपीआयमध्ये आहे, आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास अडखळले तेव्हा एनपीसीआयने दिलेल्या कारणमीमांसेत बोट याच संदेशाकडे होते. काही बँका ही विचारणा, जुन्या व्यवहारांविषयीसुद्धा, पुन्हापुन्हा करत राहिल्या आणि त्या भाराने मूळ यंत्रणा मंदावली. मंदावल्यामुळे उत्तरे उशिरा येऊ लागली, आणि उशीर झाला की विचारणा वाढणार हे ओघानेच आले. त्यानंतर निघालेल्या सूचनांनुसार पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदाच करायची, असे तेव्हा ठरले. जून २०२५ पासून पैसे पाठवण्याच्या संदेशाला उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली गेली. त्यामुळे दुकानापुढे उभ्या असलेल्या ग्राहकाला निकाल लवकर कळतो. मात्र ज्या बँकेची प्रणाली विसाव्या सेकंदाला ‘रक्कम वजा केली’ असे उत्तर देते, तिचा पूर्वी यशस्वी ठरला असता असा व्यवहार आता उलटवला जातो, आणि तो उलटवण्यासाठी आणखी एक संदेश त्याच बँकेकडे, त्याच मंद प्रणालीकडे धाडावा लागतो.